बिनआवाजाची कळ

(द्वितीय वर्ष कला)

डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या भूगावात महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा भरली होती. मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो. पुण्याच्या अभिजित कटके यांनी साताऱ्याच्या किरण भगत यांना हरवून मानाची गदा मिळवली. अण्णांचा हात धरून गर्दीत उभ्या असलेल्या मला डावपेच फारसे कळत नव्हते. मला आवडले ते शड्डूचे आवाज. पैलवानाने मांडीवर थाप मारली की ती लांबवर ऐकू जाई आणि माणसे आरोळ्या ठोकीत. घरी परतताना मीही रस्ताभर मांड्या बडवीत चाललो होतो. तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "शड्डू कुणीबी ठोकतंय. डाव बसतो त्याला आवाज नसतो."

हे वाक्य मी विसरूनही गेलो असतो. परंतु गेल्या वर्षी ते मला फार निराळ्या प्रसंगी आठवले. तो प्रसंग आणि त्यातून मी जे शिकलो ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

लेखाचा विषय आहे संगणकावरील कुस्ती-मारामारीच्या खेळाचा कंट्रोलर आणि त्यात बसवायच्या कळा, म्हणजेच स्विच. हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. पण हे खेळ काही कालचे नाहीत. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ साली आला. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणी टाकून 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' खेळणारी आणि त्यातील एका पात्रावरून त्या खेळालाच 'मुस्तफा' म्हणणारी पिढी आज आमच्या काका-मामांच्या वयाची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान दिले. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' हा पदकाचा खेळ होता आणि भारताचे खेळाडूही त्यात उतरले होते. तेव्हा विषय अगदीच पोरकट नाही, एवढे मान्य व्हावे.

पेटी आणि तिच्या बारा कळा

पूर्वी हा खेळ दांडा आणि बटणे यांनी खेळत. डाव्या हातात दांडा, उजव्या हाताखाली सहा बटणे: तीन ठोशांची, तीन लाथांची. २०१० नंतर दांडा नसलेली पेटी लोकप्रिय होत गेली. अमेरिकेतील 'हिट बॉक्स' या पेटीचे नाव त्यात प्रथम घेतले जाते. या पेटीत दांड्याचे काम चार बटणे करतात. डाव्या हाताच्या तीन बोटांखाली मागे, खाली आणि पुढे. आणि अंगठ्याखाली उडी. उजव्या हाताला आठ बटणे. अशा एकूण बारा कळा झाल्या. पेटी सपाट असते आणि दप्तरात वहीसारखी मावते.

या खेळात पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. एक हल्ला दुसऱ्याला जोडायचा तर कित्येकदा दोन-तीन चित्रांचीच मुदत असते. शिवाय नुसते दाबणे पुरत नाही. हातातून ज्वाळेचा गोळा फेकायचा असेल तर 'खाली' दाबायचे, ते दाबलेले असतानाच 'पुढे' दाबायचे, मग 'खाली' सोडायचे आणि लगेच ठोसा मारायचा. म्हणजे कळ वेळेवर दाबली जाणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर सुटणेही महत्त्वाचे. पुढील विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी.

घरची अडचण

माझी पेटी मी एका मित्राच्या भावाकडून जुनी विकत घेतली. ग्रंथालयात 'कमवा व शिका' योजनेतून काम करून साठवलेले पैसे त्यात गेले. लॅपटॉप मामेभावाने वापरून ठेवून दिलेला. त्यावर २०१४ सालचा 'अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोर' चालतो, आणि मला तेवढा पुष्कळ आहे.

आमचे घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. मध्ये आईच्या जुन्या साडीचा पडदा. अण्णा पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात रात्रपाळी करतात. सकाळी ते घरी येतात, चहा-भाकरी खातात आणि साडेआठला पडद्यापलीकडे आडवे होतात. माझे तास दुपारी असतात. त्यामुळे मला मोकळा वेळ मिळतो तो सकाळी नऊ ते अकरा, आणि नेमकी तीच त्यांच्या गाढ झोपेची वेळ.

पहिल्याच दिवशी मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. पेटीतील कळा टकटक वाजणाऱ्या होत्या. दहा मिनिटे झाली असतील. पडदा हलला. अण्णा बाहेर आले, मला काहीही बोलले नाहीत, चादर खांद्यावर टाकून बाहेरच्या जिन्यात जाऊन बसले. मी विचारले, "काय झालं अण्णा?" तर म्हणाले, "काय न्हाई. झोप झाली माझी." ती झाली नव्हती हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होते. आमच्या घरात याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. मुलगा लॅपटॉपवर बसला म्हणजे अभ्यासाचेच काही करीत असणार, अशी त्यांची समजूत. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

पेटी विकून टाकावी असे त्या दिवशी मनात आले. पण मग वाटले, आवाज नेमका कोठून येतो हे तरी आधी पाहावे.

कळ आतून कशी असते

आपल्या नेहमीच्या स्वस्त कळफलकात प्रत्येक बटणाखाली रबराचा एक घुमट असतो. तो पार खालपर्यंत चेपला गेला की जोडणी होते. मेकॅनिकल स्विचची रचना वेगळी. प्लॅस्टिकचे एक छोटे घर, त्यात वर-खाली सरकणारी एक दांडी, दांडीखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूच्या दोन पट्ट्या. दांडी खाली सरकताना वाटेतच त्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि वीज वाहते. चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेला 'एमएक्स' हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध स्विच. पुढे अनेक चिनी कंपन्यांनी त्याच धर्तीवर आपापले स्विच काढले. केल आणि गेटरॉन ही त्यांतील मोठी नावे.

या स्विचांच्या तीन जाती आहेत. पहिली सरळ जात, म्हणजे लिनियर. दांडी वरून खालपर्यंत विनाअडथळा जाते. दुसरी ठेच देणारी, म्हणजे टॅक्टाइल. वाटेत बोटाला एक उंचवटा जाणवतो. तिसरी टकटकणारी, म्हणजे क्लिकी. तिच्यात उंचवट्याबरोबर मुद्दाम आवाज करणारी योजना असते. टंकलेखन करणाऱ्याला तो आवाज आवडतो. अक्षर उमटल्याची ती पावती असते.

चेरीच्या पद्धतीत तांबडा म्हणजे सरळ, तपकिरी म्हणजे ठेच देणारा आणि निळा म्हणजे टकटकणारा. परंतु रंगावर विसंबू नये. केल कंपनीच्या 'चॉक' या बुटक्या स्विचाच्या पहिल्या आवृत्तीत टकटकणारा स्विच पांढरा आहे. माझ्या पेटीत तेच पांढरे होते आणि पांढरा म्हणजे शांत असेल अशी माझी भाबडी समजूत होती! तेव्हा रंग न पाहता त्यापुढे लिहिलेली जात वाचावी.

मारामारीच्या खेळाला सरळ जात बरी. टकटकणाऱ्या आणि ठेच देणाऱ्या स्विचांत जोडणी ज्या ठिकाणी होते आणि ज्या ठिकाणी सुटते त्यांत बरेचदा अंतर असते. शिवाय परतताना दांडीला उंचवटा पुन्हा ओलांडावा लागतो. ज्या खेळात सोडणे दाबण्याइतकेच महत्त्वाचे, तेथे हा अडथळा हवा कशाला?

आवाज कोठे जन्मतो

मी पांढरे स्विच काढून त्यांच्या जागी साधे तांबडे बसवले. टकटक गेली; पण खटखट उरली. स्विच सरळ असला म्हणजे शांत असतो, हा माझा दुसरा गैरसमज त्या दिवशी गेला.

सरळ स्विचातही आवाजाच्या तीन जागा असतात. दांडी खाली जाऊन घराच्या तळावर आपटते, ही पहिली. बोट उचलले की स्प्रिंग दांडीला वर फेकते आणि ती घराच्या छतावर आपटते, ही दुसरी. आणि हे दोन्ही धक्के ज्या पेटीत किंवा टेबलात उतरतात ती पेटी किंवा टेबल घुमते, ही तिसरी. पुष्कळ लोक पहिल्याच जागेकडे पाहतात. "हळू दाब, म्हणजे आवाज होणार नाही," असा सल्ला मलाही मिळाला. पण हळू दाबले तरी परतीचा धक्का स्प्रिंगच्या हातात असतो, आपल्या नाही.

बिनआवाजाच्या, म्हणजे सायलेंट स्विचात दांडीच्या खाली-वर टेकणाऱ्या कडांना रबरासारख्या मऊ पदार्थाच्या इवल्याशा गाद्या लावलेल्या असतात. डोक्यावर हंडा घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात, तसाच हा प्रकार. उंच उडालेला झेल घेताना आपण हात मागे ओढतो. का? चेंडूचा वेग तोच असतो, पण तो थांबायला अधिक वेळ मिळाला की धक्का सौम्य होतो. गादीही हेच करते. दांडी एका क्षणात थांबण्याऐवजी किंचित सावकाश थांबते, आणि कानाला टोचणारा कडक आवाज बोथट होऊन जातो. गादी दोन्ही बाजूंना हवी. एकाच बाजूला असेल तर निम्मेच काम होते.

या गाद्यांनी थोडी जागा खाल्ली जाते. चेरीच्या साध्या तांबड्या स्विचाची दांडी एकूण ४ मिलिमीटर सरकते, तर त्यांच्याच सायलेंट तांबड्याची ३.७ मिलिमीटर. दुसरी किंमत बोटाला मोजावी लागते. तळाशी कडक टेकणे नाहीसे होते आणि आधी आधी चिखलात पाय रुतल्यासारखे वाटते. मलाही पहिले आठ दिवस तसे वाटले. नंतर सवय झाली.

काम आधी, आवाज नंतर

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मऊ गादीमुळे कळ मंद तर होत नाही ना? खेळणारे बहुतेक जण याच भीतीने बिनआवाजाचे स्विच घेत नाहीत. मीही घाबरलो होतो.

या ठिकाणी स्विचाची रचना पुन्हा आठवावी. केलच्या चॉक स्विचात दांडी एकूण सुमारे ३ मिलिमीटर सरकते. पण जोडणी होते सुमारे १.५ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेतच. चेरीच्या तांबड्यातही ४ पैकी २ मिलिमीटरवर जोडणी होते. याचा अर्थ असा की दांडी तळाच्या गादीला टेकण्यापूर्वीच संदेश संगणकाकडे गेलेला असतो. परतताना तेच. दांडी छताला टेकण्यापूर्वी वाटेतच जोडणी सुटलेली असते. जो आवाज आपण ऐकतो तो काम होऊन गेल्यानंतरचा असतो. आवाज म्हणजे काम नव्हे. ती कामानंतरची आपटाआपट होय.

हे मला ज्या दिवशी समजले त्या दिवशी अण्णांचे भूगावच्या मैदानावरून परततानाचे वाक्य आठवले. टकटकणारी कळ म्हणजे शड्डू. तो ठोकायला माझी हरकत नाही. पण कुस्ती त्याने जिंकली जात नाही.

बुटका स्विच का घ्यावा

बाजारात उंच आणि बुटके असे दोन्ही प्रकार मिळतात. चेरीच्या नेहमीच्या एमएक्स स्विचाची उंची १८.५ मिलिमीटर, तर त्यांच्याच बुटक्या, म्हणजे लो-प्रोफाइल स्विचाची ११.९ मिलिमीटर आहे. पार्लरच्या यंत्रातील ३० मिलिमीटर व्यासाची सान्वा बटणे तर याहूनही खोल पेटी मागतात. मोठ्या कंपन्याही आता बुटक्या कळा वापरू लागल्या आहेत. रेझर कंपनीने २०२३ साली काढलेली 'किटसुने' ही पेटी त्याच प्रकारची आहे.

बुटक्या स्विचाचा पहिला फायदा म्हणजे पेटी पातळ होते. पौड रस्त्याने गर्दीच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्याला त्याचे मोल सांगायला नको. दुसरा फायदा वेळेचा. समजा बोट सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने खाली जाते. मग २ मिलिमीटरऐवजी १.५ मिलिमीटरवर जोडणी झाली तर ५ सहस्रांश सेकंद वाचतात. एका चित्राचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. फार नाही, पण काठावरच्या डावात तेवढाही पुरतो. तिसरा फायदा आवाजाचा. दांडीला धावायला जागा कमी, म्हणून आपटण्यापूर्वी वेग पकडायलाही वाव कमी. अर्थात पातळ घरात कडक प्लॅस्टिक असेल तर बुटका स्विचही कर्कश वाजतो. तेव्हा बुटकेपणा हा गादीला पर्याय नव्हे.

किती ग्रॅमची कळ?

स्प्रिंग किती जड हे ग्रॅममध्ये सांगतात. जोडणी होण्यासाठी बोटाने किती भार द्यावा लागतो, तो हा आकडा. चॉकच्या तांबड्याला सुमारे ५० ग्रॅम लागतात. हे घरीच पडताळता येते. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचे वजन सुमारे ७.७ ग्रॅम असते. कळेवर एकावर एक नाणी रचीत जावे. सहा नाण्यांचे वजन सुमारे ४६ आणि सात नाण्यांचे सुमारे ५४ ग्रॅम होते. माझ्या तांबड्या कळेने सातव्या नाण्याला मान तुकवली आणि पडद्यावरचा गडी हलला. नाणी आईच्या डब्यातील होती, ती मोजून परत केली.

दांडा नसलेल्या पेटीत बोटे सतत कळांवर विसावलेली असतात. कळ फार हलकी असेल तर नुसत्या विसाव्यानेच दाबली जाते आणि नको तेव्हा गडी उडी मारतो. हवेत गेलेल्या गड्याला प्रतिस्पर्धी सोडीत नाही. कळ फार जड असेल तर तासाभरात बोटांत कळा येऊ लागतात. साधारण ४५ ते ५० ग्रॅम हा मला मध्यम मार्ग वाटला.

परंतु हवे ते सर्व एकाच ठिकाणी मिळत नाही, हाही एक धडा आहे. माझ्या पेटीत बसणारा बिनआवाजाचा सरळ स्विच म्हणून मी निवडला तो २०२३ साली आलेल्या 'अँबियंट्स' या मालिकेतील 'ट्वायलाइट'. त्याचा भार ३५ ग्रॅम आहे. त्याच मालिकेतील 'नॉक्टर्नल' तर २० ग्रॅमचाच. तो फुंकरीने दाबला जाईल असे वाटते. पस्तीस मला हलका पडला. बाकीची बोटे शिस्तीला आली, पण अंगठा मुळातच जड. दर दोन मिनिटांनी गडी विनाकारण उडू लागला.

शेवटी मी तडजोड केली. अकरा कळा बिनआवाजाच्या ठेवल्या आणि उडीच्या एकाच कळेला जुना ५० ग्रॅमचा तांबडा लावला. तो थोडा वाजतो; पण उडी काही क्षणोक्षणी मारायची नसते. सगळ्या कळा एकाच जातीच्या असाव्यात असा काही नियम नाही. कोणते बोट काय चूक करते ते पाहून त्या बोटाखालची कळ ठरवावी.

बसेल तोच घ्यावा

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. मी आधी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो होतो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू घ्यायची तर सारे तिकडेच जातात. वायर, सोल्डरिंगची शिसपट्टी, साधी बटणे सारे मिळाले. हे स्विच मात्र बाहेरगावाहून मागवावे लागले. एक दुकानदारकाका हसून म्हणाले, "अरे बाळा, एवढ्याशा कळेसाठी एवढी वणवण? अख्खा कीबोर्ड घेऊन जा की." त्यांचे चुकले नाही. मला काय हवे ते मलाच नीट सांगता येत नव्हते.

म्हणून खरेदीपूर्वी आपल्या पेटीत कोणता स्विच बसतो ते नक्की करावे. बुटके स्विच दिसायला भावंडे, पण एकाचे पाय दुसऱ्याच्या चपलेत शिरत नाहीत. चॉकच्या पहिल्या आवृत्तीचा खालचा मधला खुंटा बारीक, तर दुसऱ्या आवृत्तीचा जाड. त्यामुळे पहिल्यासाठी पाडलेल्या भोकात दुसरा बसत नाही. गेटरॉनच्या बुटक्याच्या पिनांची मांडणी आणखी वेगळी. वरची टोपीही पाहावी लागते. चॉकच्या पहिल्या आवृत्तीत टोपीला दोन बारीक पाय लागतात, दुसरीत एमएक्ससारखा अधिक चिन्हाचा खुंट असतो. दुसऱ्या आवृत्तीची पेटी असणाऱ्यांसाठी केलची 'डीप सी सायलेंट' ही बिनआवाजाची जात आहे. पेटीत स्विच डाग देऊन पक्के केले आहेत की सॉकेटमध्ये नुसते खोचले आहेत, हेही बघावे. माझ्या पेटीत सॉकेट असल्यामुळे चिमट्याने काढून नवे खोचता आले.

दुसरी गोष्ट, एकदम बारा घेऊ नयेत. आधी दोन-तीन मागवून ठोशाच्या कळांवर आठवडाभर वापरावेत. आणि घेताना चार जादा घ्यावेत, कारण खोचताना पिना वाकतात. माझ्या दोन वाकल्या.

उरलेला निम्मा आवाज

बिनआवाजाचे स्विच बसवूनही पहिल्या दिवशी मंद ठोके ऐकू येत होते. तो पेटीचा आवाज. मी पेटी पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवली होती. ट्रंक म्हणजे ढोलच की! पेटी उघडून आतल्या पोकळीत फोमचा पातळ तुकडा घातला, खाली रबराचे चार पाय चिकटवले आणि पेटी आजीच्या गोधडीची घडी करून तिच्यावर ठेवली. गोधडीने जे केले ते कोणत्याही महागड्या स्विचाने केले नसते. घरातले शिवणयंत्राचे तेल मात्र स्विचात घालू नये. मी एका जुन्या स्विचावर तो प्रयोग केला. दोन दिवस तो मऊ चालला आणि मग धूळ धरून अडकू लागला.

शेवटी परीक्षा घेतली. अण्णा कामावर गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यांच्या जागी झोपवले, डोळे मिटायला सांगितले आणि पंखा चालू ठेवला. मी प्रत्येक जातीची कळ वीस वेळा दाबायची आणि तिने ऐकू येतील तेवढे ठोके मोजायचे. पांढऱ्याचे तिने वीसच्या वीस मोजले आणि वर "बंद कर ते" म्हणाली. तांबड्याचेही बहुतेक मोजले. तिसऱ्या खेपेला बराच वेळ झाला तरी ती काही बोलेना. मग पडद्याआडून आवाज आला, "दादा, तू सुरू कधी करणार?" माझे वीस दाब केव्हाच संपले होते.

थोडक्यात सांगायचे तर क्रम असा धरावा: आधी पेटीत काय बसते ते पाहावे, मग सरळ जात, मग दोन्ही बाजूंना गादी, मग बोटाला मानवेल असा भार, आणि सर्वांत शेवटी पेटीखालची गोधडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा मी खेळलो. पडदा हलला नाही. मी महाविद्यालयात निघालो तरी अण्णा झोपलेलेच होते. संध्याकाळी डबा भरताना त्यांनी मला विचारले, "आज खेळला न्हाईस का रं?"

मी म्हणालो, "खेळलो की अण्णा. दोन तास."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग दाव तरी काय खेळतोस ते." कामावर जायला दहा मिनिटे होती. त्यांनी चप्पल पुन्हा काढली, आणि मी त्यांना गोधडीवर बसवून पेटी त्यांच्या मांडीवर दिली.

माझ्याकडे निरनिराळ्या जातींचे आठ-दहा सुटे स्विच एका डबीत जपून ठेवलेले आहेत. ज्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना घेण्यापूर्वी दाबून पाहायचे असतील त्यांनी दुपारी चारनंतर ग्रंथालयात यावे. मात्र तेथे पांढरा दाबू नये.